तुम्ही विचारलंत म्हणून: पारवा चालताना मान का हलवतो?

लातूरच्या मोंढ्यात आमचं आडतीचं दुकान आहे, दुपारी सौदे उरकले की मी ओट्यावर बसून पारवे बघत असतो हे आता सगळ्यांना माहितंय, त्यामुळं जो येतो तो हेच विचारतो, "काका, हे पारवे चालताना सारखी मान काहून हलवायलेत?" शेतकरी विचारतात, हमाल विचारतात, शाळेतली पोरं तर विचारतातच. म्हणून आज लिहूनच टाकतो.

पारवा मान मागंपुढं हलवतच नाही. खरंच नाही. मी गोदामाच्या भिंतीवर खडूनं उभ्या रेघा मारल्या, खाली ज्वारी टाकली आणि मोबाईलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढला. डोकं झटकन पुढं जातं, एका रेघेपाशी थांबतं आणि तिथंच राहतं, तोवर खालून आंग चालत पुढं येतं, मग परत डोकं पुढं. मागं ते एकदाबी येत नाही, आंग पुढं सरकतं म्हणून आपल्याला तसं वाटतं. आमच्या एका हमालानं तो व्हिडिओ चारदा बघितला आणि म्हणाला, "मान थांबली, आंग गेलं. मान थांबली, आंग गेलं." याच्यापेक्षा चांगलं मलाही सांगता येणार नाही.

हे सगळं बघण्यासाठी आहे. एसटीत खिडकीपाशी बसलेल्या माणसाचे डोळे कधी नीट बघा, ते एका बाभळीवर थांबतात, बाभळ मागं गेली की झटक्यात पुढच्या झाडावर जातात, नाहीतर बाहेरचं सगळं पुसट दिसलं असतं. पारव्याचे डोळे खोबणीत आपल्यासारखे फिरत नाहीत म्हणून ते काम मान करते. डोकं स्थिर असतं तेवढ्या वेळात दाणा दिसतो, हलणारं मांजरही दिसतं. आणि डोकं पुढं जाताना जवळच्या वस्तू जास्त सरकतात, लांबच्या कमी, त्यावरून अंतर कळतं, कारण त्याचे डोळे दोन बाजूंना, दोन्ही डोळ्यांना मिळून एकदम दिसतो तो समोरचा भाग थोडासाच.

कॅनडातल्या फ्रॉस्ट नावाच्या शास्त्रज्ञानं 1978 साली याचा पेपर छापला, त्यानं पारवे चक्क ट्रेडमिलवर चालवले. पाय चालतायत पण पारवा जागच्या जागी, आजूबाजूचं काहीच सरकत नाही, तर मानेचे झटके बंद! म्हणजे तोल सांभाळायला किंवा पायाच्या ठेक्यावर मान हलते हे काही खरं नाही. मला हा प्रयोग फार आवडतो, किती साधा आहे.

सगळीच पाखरं असं करत नाहीत. कोंबडी करते, मोर करतो. बदक नाही करत. चिमणी तर चालतच नाही, दोन्ही पाय जोडून टुणटुण उड्या मारते, साळुंकी मात्र एकेक पाय टाकत रुबाबात चालते आणि कावळ्याला दोन्ही जमतं. शेतात टिटवी बघा, चार पावलं पळते, थबकते, टिपते, परत पळते.

यानंतर हमखास येणारा प्रश्न म्हणजे पाखराचा गुडघा उलटा का वाकतो. तो गुडघा नाहीच, घोटा आहे. पाखरं बोटांवर चालतात, खरा गुडघा वर पोटाजवळ पिसांत लपलेला असतो. परवा जेवताना भाच्याला ताटातच दाखवलं, तंगडीचा वरचा जाड सांधा म्हणजे गुडघा, आणि खाली जिथून पिवळा पाय तोडून टाकतात तो घोटा. त्यानं तंगडी ताटात ठेवली आणि डाव्या हातानं आधी स्वतःचा गुडघा, मग घोटा चाचपून बघितला.