मेण वरून लावता, पाणी खालून शिरतं

लाकडी टेबलाला मेण लावायचं म्हटलं की सगळा जोर पाटावर, म्हणजे वरच्या फळीवर, निघतो. पाटात तोंड दिसेपर्यंत घासाघीस होते आणि टेबलाचे पाय तसेच राहतात. मुंबईतल्या घरातलं जुनं टेबल, खुर्ची किंवा पलंग उलटा करून बघा. पाट बहुतेक वेळा ठणठणीत असतो. पायाचा खालचा बोटभर भाग मात्र काळपट, भुसभुशीत झालेला आणि तिथलं पॉलिश पापुद्र्यासारखं सुटलेलं. फरशी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते आणि ते पाणी तिथूनच वर चढतं.

लाकूड म्हणजे बारीक उभ्या नळ्यांची जुडी. पाटाच्या अंगाला या नळ्या आडव्या झोपलेल्या असतात, त्यामुळे वरून सांडलेलं पाणी हळूहळू मुरतं. पायाच्या तळाला त्याच नळ्या कापून तोंड उघडी टाकलेली असतात. ऊस चोखावा तसं लाकूड तिथून पाणी ओढतं. कपाटाच्या दाराची खालची-वरची कड आणि पाटाची दोन टोकं यांचंही तेच. म्हणून मेणाचा पहिला मान या जागांना द्यायचा. चमक नंतर बघू.

मेणाकडून काय मिळतं आणि काय मिळत नाही, तेही सांगून टाकतो. सांडलेलं पाणी वेळेत पुसलं तर डाग पडत नाही, हाताचा मळ लाकडात मुरत नाही, धूळ सहज निघते, बारीक ओरखडे झाकले जातात. हवेतला दमटपणा मात्र मेण अडवत नाही, फक्त त्याची चाल मंदावतं. जुलैत दार फुगायचं ते फुगणारच. वाळवीला मेणाची फिकीर नसते. कपाटाखाली पिठासारखा भुसा पडत असेल तर तो लाकूड पोखरणाऱ्या किड्याचा उद्योग आहे. त्याचा बंदोबस्त आधी करायचा. मग भोकं मेणाने बुजवायची, म्हणजे पुढे नवं भोक पडलं तर लगेच कळतं.

काम सुरू करण्याआधी आपल्या फर्निचरवर आत्ता काय लावलेलं आहे ते तपासा. न दिसणाऱ्या जागी, म्हणजे पाटाच्या खालच्या अंगाला, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा अर्धा मिनिट टेकवून धरा. पृष्ठभाग चिकट झाला आणि बोळ्याला तपकिरी रंग आला तर ते चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश. जुन्या सागवानी आणि शिसवी सामानावर बहुधा हेच असतं, आणि मेणाची त्याच्याशी उत्तम जमते, कारण टर्पेंटाईनमध्ये लाख विरघळत नाही. स्पिरिटने काहीच झालं नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) या प्लॅस्टिकसारख्या कडक थराची शक्यता जास्त. त्यावर मेण मुरायला जागाच नसते. ते वर नुसतं बसतं, बोटांचे ठसे धरतं, आणि पुढे पुन्हा पीयू मारायचं ठरलं तर नवा थर धरत नाही. सनमायकावर मेण लावणं म्हणजे निव्वळ मेणाची नासाडी. तिथे ओलं फडकं पुरे.

अगदी कोऱ्या लाकडावर थेट मेण लावा असं सांगणारे बरेच भेटतील. दिसायला ते छानच दिसतं, पण वर्षभरात हात टेकतात तिथे मळ बसून काळं होतं. आमचं मत असं, की आधी चपड्याचे दोन पातळ हात, म्हणजे थर, द्यावेत. 1 लिटर स्पिरिटमध्ये 120 ग्रॅम चपडा टाकून रात्रभर ठेवायचा, मधूनमधून हलवायचं, सकाळी जुन्या सुती कापडातून गाळायचं. लाकूड 120, 180 आणि 240 नंबरच्या पॉलिश पेपरने रेषेच्या दिशेने घासायचं. व्हिनियरचं प्लाय असेल तर थेट 240 घ्या आणि हात हलका ठेवा, वरची खरी लाकडाची पट्टी अर्ध्या मिलीमीटरचीही नसते. दोन हातांच्या मध्ये 320 चा पेपर नुसता फिरवायचा. मेण दोन दिवसांनी.

हे पावसाळ्यात करू नका. स्पिरिट झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि पॉलिश दुधासारखं पांढरं होतं. त्यासाठी पॉलिशवाल्याशी भांडण्यात अर्थ नाही. काम जुलैत काढलं ही मूळ चूक.

आता मेण. मधमाशांचं मेण 62 ते 64 अंश सेल्सियसला वितळतं. हाताला छान लागतं, वासही गोड, पण मुंबईच्या मे महिन्यात एकटं ते मऊ पडतं आणि धूळ धरतं. म्हणून त्यात थोडं कार्नौबा मेण घालायचं. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून निघणारं हे मेण 82 ते 86 अंशांना वितळतं आणि खूप कडक असतं. एकटं लावलं तर घासताना घाम काढेल, मिसळलं की काम करतं. आमचं प्रमाण असं: मधमाशांचं मेण 80 ग्रॅम, कार्नौबा 20 ग्रॅम, टर्पेंटाईन 300 मिलिलिटर. यातून बुटाच्या पॉलिशपेक्षा जरा मऊ मलम तयार होतं. घट्ट हवं असेल तर टर्पेंटाईन 250 वर आणा.

मेण घेताना भेसळीवर नजर ठेवा. पॅराफिन मिसळलेलं मेण अर्धपारदर्शक आणि बुळबुळीत लागतं, वास जवळजवळ नसतो. अस्सल मेणाचा तुकडा मोडला तर कड दाणेदार दिसते आणि बोटांत दाबून ठेवलं की ते हळूहळू मऊ होतं. जुन्या वडीवर पांढरट पूड आल्यासारखी दिसली तर बुरशी समजून परत करू नका. ती अस्सल मेणावर येते आणि जरा ऊब दिली की जाते. महाबळेश्वराकडचे मधवाले कधीकधी मेणही विकतात, तिकडे जाणं झालं तर विचारून बघा.

दुकानात ‘थिनर’ मागू नका. एनसी (नायट्रोसेल्युलोज) पॉलिशसाठीचा थिनर जुनं पॉलिश उचलून काढतो. ‘टर्पेंटाईन’ म्हणूनच मागा. साधारण जे मिळतं ते पेट्रोलियमपासून केलेलं मिनरल टर्पेंटाईन असतं, त्याने काम भागतं. चीडाच्या, म्हणजे पाइनच्या झाडाच्या, डिंकापासून काढलेलं मिळालं तर वास बरा येतो, पण काहींच्या त्वचेला ते सोसत नाही, हातमोजे घाला. रॉकेल वापरू नका, त्याचा तेलकटपणा आणि वास महिनाभर घर सोडत नाही. खोबरेल तेलही नको. ते कधीच वाळत नाही, धूळ धरतं आणि खवट होतं. जवसाचं कच्चं तेल आपल्या दमट हवेत वाळायला फार दिवस घेतं आणि बुरशीला आयतं खाद्य पुरवतं.

मलम करताना एका गोष्टीत हयगय नको: टर्पेंटाईन आणि विस्तव एका खोलीत नको. त्याची वाफ साधारण 35 अंशांच्या आसपास पेट घेऊ शकते, आणि मुंबईतली मे महिन्यातली दुपार म्हणजे तेवढीच. पातेल्यात पाणी उकळायला ठेवून त्यात स्टीलचं जुनं भांडं बसवा. आधी कार्नौबा टाका, ते वितळलं की मधमाशांचं मेण किसून घाला. दोन्ही एकजीव झालं की गॅस बंद करा आणि भांडं पाण्याच्या पातेल्यासकट गॅलरीत न्या. टर्पेंटाईनची बाटली आधीच गरम पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं ठेवलेली असू द्या, कारण गार टर्पेंटाईन ओतलं की कार्नौबाच्या गुठळ्या होतात आणि मग त्या मोडत नाहीत. बारीक धारेने ओतत लाकडी काडीने ढवळा. घट्ट होऊ लागलं की रुंद तोंडाच्या काचेच्या किंवा पत्र्याच्या डब्यात भरा. हलक्या प्लॅस्टिकचा डबा टर्पेंटाईनने फुगतो.

एका खोलीच्या घरात एवढाही खटाटोप नको असेल तर कार्नौबा सोडून द्या. नुसतं मधमाशांचं मेण किसणीवर बारीक किसून तिप्पट टर्पेंटाईनमध्ये बुडवून ठेवा. दोन-तीन दिवस झाकण लावून ठेवलं आणि रोज ढवळलं की आच न लावता ते विरघळतं. किसणी मात्र परत स्वयंपाकघरात जाणार नाही हे आधीच ठरवून घ्या.

लावण्याचा दिवस कोरडा असावा. मेचा पहिला पंधरवडा किंवा ऑक्टोबरचा शेवट. सामान आधी ओल्या फडक्याने नाही, टर्पेंटाईन लावलेल्या कापडाने पुसा, जुना तेलकटपणा निघेल.

आधी पाय. टेबल सतरंजीवर उलटं करा आणि दोन दिवस तसंच वाळू द्या. तळाशी साठलेली ओल आत कोंडली तर मेणाखाली लाकूड कुजतं. काळा पडलेला भाग 120 च्या पेपरने घासून लाकडाचा मूळ रंग दिसेपर्यंत आणा. मग टर्पेंटाईन न घातलेलं, नुसतं मेण वितळवून ब्रशने तळाला लावा आणि वरून हेअर ड्रायरची गरम हवा धरा. मेण चमकेल, मग डोळ्यांदेखत आत शोषलं जाईल आणि तळ पुन्हा कोरडा, मळकट दिसेल. तेवढ्यावर थांबायचं नाही. दुसरा हात, पुन्हा ड्रायर. जुन्या सागवानी पायाला तीन-चार हात तरी जिरतात. मेण वरच राहू लागलं, आत जाईना, की नळ्यांची तोंडं भरली. थंड झाल्यावर वर उरलेलं सुरीच्या बोथट बाजूने खरवडून काढा, नाहीतर टेबल फरशीवर घसरेल. वर दोन इंचांपर्यंत मलमाचा हात द्या आणि खाली रबराची बटणं लावा. बटणामुळे तळ आणि ओली फरशी यांच्यात हवेला वाट मिळते.

पाटाला फारच थोडं मेण लागतं. 3 बाय 4 फुटांच्या पाटाला सुपारीएवढा गोळा पुरतो. जुन्या बनियनच्या तुकड्यात गोळा गुंडाळून गोल गोल फिरवा, शेवटी रेषेच्या दिशेने. वाळू द्या. कोरड्या हवेत पंधरा-वीस मिनिटांत पृष्ठभाग धुरकट दिसू लागतो, मुंबईत अर्धा तास धरा. मग दुसऱ्या स्वच्छ, मऊ सुती कापडाने घासा. धोतराचं जुनं कापड असेल तर फारच उत्तम. दुसरा हात दुसऱ्या दिवशी. पाटाच्या खालच्या अंगालाही एक हात द्या. वरचं अंग बंद आणि खालचं उघडं राहिलं की एक बाजू जास्त ओल घेते आणि पाट पन्हाळीसारखा वाकतो. रात्री एसी आणि दिवसा उघड्या खिडक्या असलेल्या घरात हे लवकर दिसतं.

बोट टेकवल्यावर ठसा उमटत असेल तर मेण जास्त झालंय. वर आणखी मेण लावून ते सुधारत नाही. ड्रायरने जरा ऊब देऊन कोरड्या कापडाने घासा, तेवढ्याने नाही भागलं तर टर्पेंटाईनने पुसून पुन्हा सुरुवात करा. नक्षीत पांढरं मेण अडकून बसतं, तिथे मेण बोटाने न भरता बुटाच्या ब्रशने लावा आणि ब्रशनेच काढा. शिसवीवर तरीही पांढरट दिसत असेल तर मलमात चिमूटभर गेरू आणि थोडं काजळ घोटून घ्या.

गरम कपाचं पांढरं वर्तुळ म्हणजे पॉलिशमध्ये अडकलेली ओल. ड्रायर एक वीत अंतरावर धरून हळूहळू फिरवा, बऱ्याचदा ते नाहीसं होतं. मग मेणाचा हात. स्टील वूल वापरायचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण समुद्राकाठच्या हवेत तो अंगलट येतो. त्याचे बारीक तुकडे लाकडाच्या छिद्रांत राहतात, गंजतात, आणि सागवानातल्या तुरट द्रव्याशी मिळून काळे ठिपके उमटवतात. गोणपाटाचा तुकडा किंवा पांढरा नायलॉनचा पॅड घ्या.

कपाटाच्या मागे बुरशी आली तर चपड्याच्या पॉलिशवर स्पिरिट चोळू नका, पॉलिशच निघेल. घट्ट पिळलेल्या साबणाच्या फडक्याने पुसून पंख्याखाली वाळवा आणि कपाट बाहेरच्या भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढा. देव्हाऱ्याला आणि गणपतीच्या चौरंगाला मेण मेमध्येच लावून ठेवा. छिद्रं भरलेली असली की हळद-कुंकू आणि समईचं तेल लाकडात उतरत नाही. समईखाली मात्र पितळी ताटली हवी, दिव्याच्या आचेने मेण मऊ पडून काजळी धरतं.

वापरलेली फडकी बोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. टर्पेंटाईनची आणि त्याहून जास्त जवसाच्या तेलाची फडकी आतल्या आत तापून आपोआप पेटू शकतात. एकेक पसरून दोरीवर वाळवा, कडक झाली की फेका.

ड्रॉवर जुलैत अडकला की सुताराला बोलावून रंधा मारून घेऊ नका. लाकूड फुगलेलं आहे, जानेवारीत तोच ड्रॉवर खुळखुळेल. काढता आला तर त्याच्या दोन्ही खालच्या कडांना आणि आतल्या पट्ट्यांना मेणाची कोरडी वडी जोर देऊन घासा. तरीही नाही सरकला तर जिथे घासतो तिथे पेन्सिलची खूण करून ठेवा आणि मार्चमध्ये बघा. तेव्हाही त्याच जागी अडत असेल तरच तेवढा भाग तासून घ्या.