पंधरा जूनच्या आधी

पहाटे साडेपाचला नागपुरातल्या मानकापूरच्या ट्रॅकवर मी स्टॉपवॉच घेऊन उभी असते. लेक पंधराशे मीटर धावते. घामानं बटणावरून अंगठा घसरतो, म्हणून आधी ते ओढणीला पुसून घेते.

नववीत असताना तिनं अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या कोचना मेल केले. एकाचंही धड उत्तर नाही. पोर रडली हो! नंतर कळलं, नियमच तसा आहे: दहावी संपल्यावरच्या १५ जूनपर्यंत डिव्हिजन वनचे, म्हणजे तिथल्या कॉलेज खेळांतल्या सर्वांत वरच्या गटाचे, कोच खेळाडूशी निवडीबद्दल बोलूच शकत नाहीत, मेलला उत्तरही देऊ शकत नाहीत.

त्यात एका सल्लागारानं ‘स्पोर्ट्स स्कॉलरशिप पक्की’ म्हणून पैसे घेतले. तो राग अजून गेलेला नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन धरून आयव्ही लीग नावाच्या गटातल्या आठही विद्यापीठांत खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच. मदत मिळते ती घरची परिस्थिती बघून. कोचच्या शब्दाला वजन असतं, पण प्रवेश ॲडमिशन ऑफिसच देतं. म्हणून आमच्याकडे संध्याकाळी धावणं नाही, गणित.

आता मेलच्या पहिल्याच ओळीत ती आपली वेळ लिहिते, खाली मार्क आणि अख्ख्या शर्यतीचा व्हिडिओ.

काल रात्री एका कोचचं उत्तर आलं: अकरावीचे मार्क पाठव, ऑफिसला दाखवतो. तिनं मला झोपेतून उठवून ते वाचून दाखवलं. दोनदा.