तुम्ही विचारलंत म्हणून: पीएचडी का सोडली

स्वीडनहून परत येऊन सहा वर्षं झाली तरी लग्नात, मुंजीत, सोसायटीच्या गच्चीवर हा प्रश्न येतोच, "अगं, दोन वर्षं केली होतीस ना, मग सोडलीस का?" आणि मी तोंड उघडायच्या आत समोरचाच उत्तर देऊन मोकळा होतो, मुलं, थंडी, नवऱ्याची नोकरी, तिथल्या लोकांनी त्रास दिला असेल. यातलं एकही खरं नाही. माझा विषय होता जुन्या स्वीडिश वाक्यांतला शब्दांचा क्रम, आणि त्यातल्या 'नाही' या एका शब्दापायी मी पीएचडी सोडली, ते एकदा नीट सांगायचंय.

एरवी मी शिंगाची गोष्ट सांगून वेळ मारून नेते. डेन्मार्कमध्ये गालेहुसला 1734 मध्ये सोन्याचं शिंग सापडलं, साधारण इसवी सन 400 च्या सुमाराचं, त्यावर रून लिपीत, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीत, 'मी अमक्यानं शिंग केलं' असं कोरलेलं, क्रियापद शेवटी, अगदी आपल्यासारखं. 1802 मध्ये ते चोरीला गेलं आणि चोरानं वितळवून टाकलं, मजकूर नकलांमुळे राहिला. सगळ्यांना आवडते ही गोष्ट. पण माझा विषय त्याच्या अकराशे-तेराशे वर्षं पुढचा होता.

स्वीडिशमध्ये 'तो येत नाही' म्हणजे 'हान कोमर इंते', आधी क्रियापद, मग नाही. पण हेच 'अत्त'च्या, म्हणजे आपल्या 'की'च्या मागे गेलं की 'अत्त हान इंते कोमर', नाही पुढे सरकतं. जुन्या स्वीडिशमध्ये असं सरकत नव्हतं, आइसलँडिकमध्ये अजूनही सरकत नाही, तिथं 'आद हान केमुर एक्की' म्हणतात, क्रियापद आधीच. स्वीडिशमध्ये हा बदल मुख्यतः सोळाव्या-सतराव्या शतकात झाला. का झाला, यावर गाजलेलं उत्तर असं की क्रियापदाचे पुरुषाप्रमाणे बदलणारे प्रत्यय झडले (आपलं येतो, येतोस, येता तसं त्यांचंही होतं, आता सगळ्यांना एकच 'कोमर') आणि प्रत्यय गेल्यावर क्रियापदाला 'नाही'च्या पुढे जायची ताकद राहिली नाही. मला हे फार पटलं होतं. फिनलंडमधल्या क्रूनोबीच्या आणि नॉर्वेतल्या ट्रोम्सोच्या बोलीत प्रत्यय नाहीत तरी क्रियापद 'नाही'च्या पुढे येऊ शकतं, हे मी वाचलेलं होतं. तरी अपवाद म्हणून बाजूला ठेवलं, कारण मला ते बाजूला ठेवायचंच होतं.

मी 1541 च्या गुस्ताव वासा बायबलपासून (पहिलं पूर्ण स्वीडिश बायबल) सतराव्या शतकाच्या शेवटापर्यंतची पत्रं, डायऱ्या, कोर्टाचे कागद घेतले आणि मोजत बसले. 'की', 'जो', 'जर' अशांच्या मागे नाही आधी असेल तर नवीन खाना, क्रियापद आधी असेल तर जुना खाना. दोन वर्षं.

मग सेमिनार. मी आलेख दाखवला, जुना क्रम हळूहळू उतरत जातोय, सुंदर रेघ. शेवटच्या रांगेत एक रिटायर झालेले प्राध्यापक बसले होते, त्यांनी माझ्या हँडआउटवरच्या चौथ्या उदाहरणावर बोट ठेवलं, 'हान सा अत्त हान कुन्दे इंते कोमा', तो म्हणाला की तो येऊ शकत नव्हता. क्रियापद आधी, म्हणून माझ्या जुन्या खान्यात. ते अगदी शांतपणे म्हणाले, "हे वाक्य मी आज सकाळी घरी बोललो."

खोलीत दोघं-तिघं हसले, वाईट हेतूनं नाही. मला मात्र कान गरम झालेले अजून आठवतात, आणि हातातला रिमोट, त्याचं बटण मी उगाच दाबलं आणि पुढची स्लाइड आली.

झालं होतं असं की 'म्हणाला', 'वाटलं' अशा क्रियापदांनंतर 'अत्त'च्या मागे आजही मुख्य वाक्याचा क्रम (आधी क्रियापद, मग नाही) चालतो, बोलताना तर सर्रास. म्हणजे माझा 'जुना' खाना जुना नव्हताच, त्यात आजची जिवंत वाक्यं बसली होती. खरं मोजायचं तर जो-जी-जे वाली आणि जर-तर वाली वाक्यंच घ्यायला हवी होती, जिथं आज हा क्रम चालत नाही. ती वेगळी काढली तर निम्म्याहून जास्त आकडे गळून पडले.

माझी बाजू मांडते. मी स्वीडिश क्लासमध्ये शिकले, तिथं बाई अशा प्रत्येक 'इंते'वर लाल पेन मारायच्या, मला वाटलं तो क्रम मेला. आणि माझ्या गाइडची तर ती मातृभाषा, त्यांनीही दोन वर्षं तीच उदाहरणं वाचली, मग दोष एकट्या माझ्यावर का?

पण रात्री घरी आल्यावर जे सुचलं त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. आपण 'तो म्हणाला की मी येणार नाही' असं म्हणतो, 'की'च्या मागे त्याचं बोलणं जसंच्या तसं, त्याच्या 'मी'सकट. म्हणणं आलं की मागचं वाक्य स्वतःच्या पायावर उभं राहतं हे माझ्या कानात लहानपणापासून आहे, व्याकरण वेगळं असेल पण वास तरी यायला हवा होता. इतर कुणाला नाही तर मला यायला हवा होता.

सगळं परत मोजता आलं असतं, वर्षभराचं काम होतं. तेव्हाची मी म्हणायची की पायाच चुकीचा निघाला तर सोडणं हाच प्रामाणिकपणा. आता मला वाटतं ती घाबरली होती. कधी कधी परत वाटतं, नाही, बरोबरच होती ती.

गेल्या पावसाळ्यात त्या फायली परत उघडल्यात, हे घरी कुणाला सांगितलेलं नाही. फक्त जो-जी वाली वाक्यं काढतेय, आणि तिथं सतराव्या शतकात दोन्ही क्रम खरंच शेजारी शेजारी सापडतात, एकाच माणसाच्या हातचे. अडलंय ते 'सो अत्त'पाशी, म्हणजे 'त्यामुळे' किंवा 'इतकं की', कारण त्याच्या मागे आजही दोन्ही चालतं. ती वाक्यं कुठल्या खान्यात टाकू ते ठरत नाहीये. सध्या वहीत तिसरा खाना आखलाय, त्याला नाव दिलेलं नाही.