तुम्ही विचारलंत म्हणून: स्पर्धेला कुठला पीस घ्यायचा?

मी सांगलीत पियानो शिकवते. गणपती गेले की माझा फोन सुरू होतो. "मॅडम, जानेवारीत मुंबईला पियानोची स्पर्धा आहे म्हणे, पोरीला कुठला पीस द्यायचा ओ?" आणि मागोमाग यूट्यूबची एक लिंक येते, त्यात सहा वर्षांचं कुठलं तरी परदेशी पोर, पाय अजून जमिनीला टेकत नाहीत, पण शोपँचा अवघड पीस वाजवत बसलंय, आणि खाली मेसेज, "असलं काहीतरी बघा की." दरवेळी मी अर्धा तास बोलते, समोरचे "हो हो, बरोबर आहे" म्हणतात आणि फोन ठेवल्यावर तीच लिंक परत पाठवतात. म्हणून यंदा एकदाच लिहून काढते, पुढच्या वेळी हेच पाठवेन.

माझं उत्तर सांगलीकरांना लगेच कळेल. रात्रभर महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये अर्धवट झोपून, सकाळी मुंबईत उतरून, स्टेशनवरचा चहा आणि दोन बिस्किटं पोटात टाकून, दहा वाजता गार एसी हॉलमध्ये कधी हात न लावलेल्या पियानोवर पोराला जो पीस नीट वाजवता येईल तो घ्या. घरी संध्याकाळी पाचव्या प्रयत्नात, सगळे टाळ्या वाजवायला बसलेले असताना झक्कास होतो, तो नाही. माझ्याकडे येणारी निम्मी मुलं दुसऱ्या प्रकारचा पीस घेऊन येतात आणि मी पण एकदा त्यात फसलेली आहे, ते आधी सांगते.

अकरा वर्षांची मुलगी होती, नोटेशनचं वाचन चांगलं, ताल पक्का. आईला मोझार्टचा टर्किश मार्च हवा होता, म्हणजे त्याच्या ए मेजर सोनाटाचा (अनेक भागांची रचना, मोझार्टच्या यादीत क्रमांक के ३३१), शेवटचा भाग. मी नाही म्हणायला हवं होतं. पण पहिलं पान तिनं आठवड्यात बसवलं, इतकं सुरेख बसवलं की मलाही मोह झाला, म्हटलं होऊन जाईल. अडचण पहिल्या पानात नसतेच त्यात. पुढं जिथं उदास मायनर जाऊन उजळ ए मेजर येतो आणि उजव्या हातानं जोरात ऑक्टेव्ह, म्हणजे सप्तकाच्या दोन टोकांचे स्वर एकदम, वाजवायचे असतात, तिथं तिचा हात पुरत नव्हता. पोचायची कशीबशी, पण मनगट ताणून, आणि मी "होतंय, होतंय" म्हणत राहिले. हॉलमध्ये तिनं घाबरून नेहमीपेक्षा वेगात सुरुवात केली (सगळीच मुलं करतात), ऑक्टेव्हपाशी आली, दोन पट्ट्या चुकल्या, थांबली, पहिल्यापासून सुरू केलं आणि परत तिथंच अडकली. जजबाई चांगल्या होत्या, हळूच "थँक यू" म्हणाल्या. परतीच्या गाडीत पोरगी रडली नाही, घरून नेलेल्या भडंगाचा डबा मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होती, आणि साताऱ्याच्या आसपास एकदम म्हणाली, "मॅडम, मला माहिती होतं तिथं चुकणार." तिला चार महिने माहिती होतं. मी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून माझ्या पियानोवर एक शाळेतली मोजपट्टी असते. आता तर मुलांनाही माहितीय, नवीन पोर आलं की जुनी मुलं सांगतात, आधी हात मोजतात. पियानोच्या एका ऑक्टेव्हचं अंतर, खालच्या साच्या मध्यापासून वरच्या साच्या मध्यापर्यंत, साधारण साडेसोळा सेंटिमीटर असतं. हात टेबलावर सैल पसरून अंगठा आणि करंगळी जर कशीबशी तेवढीच जात असतील तर ऑक्टेव्ह वाजेल खरा, पण एकदा. सलग आठ वाजणार नाहीत. हे परीक्षेच्या ग्रेडवर अवलंबून नाही, हुशारीवर तर अजिबात नाही, हाडांवर आहे आणि हाडं प्रॅक्टिसनं वाढत नाहीत. दोन वर्षं थांबायचं, मोझार्ट कुठं पळून जात नाही.

दुसरी गोष्ट वाद्याची, आणि ही आपल्या गावात फार मोठी आहे. सांगली-मिरजेत घरात खरा पियानो असलेली कुटुंबं बोटावर मोजण्याइतकी, बाकी सगळ्यांकडे कीबोर्ड, बऱ्याचदा ६१ पट्ट्यांचा, हलका, पट्टी दाबली की भसकन खाली जाते. खऱ्या पियानोची पट्टी खाली जायलाच साधारण ५० ग्रॅम वजन लागतं, आणि मागं हातोडी उचलली जाते ती बोटाला कळते. कीबोर्डवर पळवलेला पीस तिथं निम्म्या वेगानं चिखलात चालल्यासारखा वाटतो. ८८ वेटेड, म्हणजे खऱ्यासारख्या जड, पट्ट्यांचा डिजिटल पियानो असेल तर बरंच निभावतं, नसेल तर वेगावर उभा असलेला पीस घेऊच नका, आणि पेडलवर (पायानं दाबून सूर लांबवायचं ते) उभा असलेला तर त्याहून नाही, कारण कीबोर्डचं प्लास्टिकचं पेडल जमिनीवर सरकत सरकत पलंगाखाली जातं आणि पोर पायानं ते शोधत असतं (हसू नका, माझ्यासमोर झालंय). स्पर्धेआधीच्या महिन्यात चार वेळा तरी ओळखीच्या कुणाच्या तरी घरच्या खऱ्या पियानोवर वाजवून या. लोक नाही म्हणत नाहीत, उलट पियानो उघडला गेला म्हणून खूश होतात.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे सोपा पीस घ्यायचा आणि हरून यायचं का. माझ्या एका विद्यार्थ्याचे आजोबा मिरजेचे, लहानपणापासून दर्ग्याच्या उरुसातलं अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीचं गाणं रात्र रात्र ऐकलेले. नातवाच्या क्लासला ते कोपऱ्यात बसायचे, पाश्चात्य संगीत आपल्याला कळत नाही असं आधीच सांगून. नातवाच्या वडिलांनी एकदा हाच मुद्दा काढला तर आजोबा म्हणाले, "दहा वर्षाच्या पोरानं दरबारी गायला की लोक पोराचं कौतुक करत्यात. भूप नीट गायला की गाण्याचं करत्यात." दरबारी म्हणजे भारदस्त, अवघड राग, भूप सुरुवातीला शिकवतात तो. मी गप्पच बसले. जज काय ऐकतात हे मला इतकं थोडक्यात सांगता आलं नसतं. ते बाकावर बसून सकाळपासून चाळीस मुलं ऐकतायत, अवघड पीस त्यांना नवीन नसतो, ते बघतात की डावा हात उजव्याला झाकतोय का, वाक्य जिथं संपतं तिथं हात श्वास घेतो का, हळू वाजवायचं लिहिलंय तिथं खरंच हळू वाजतंय का. हे सगळं पोराला तेव्हाच सुचतं जेव्हा बोटं आपोआप चालतात. म्हणून माझा हिशेब असा की क्लासमध्ये जो पीस धडपडत शिकतोय त्याच्या एक पायरी खालचा स्पर्धेला.

नावं सांगा, नावं सांगा म्हणता ना. सांगते, पण आंधळेपणानं घेऊ नका.

क्लेमेंटीच्या ओपस ३६ (ओपस म्हणजे संगीतकाराच्या रचनांचा क्रमांक) मधला पहिला सोनाटिना, म्हणजे छोटा सोनाटा, सी मेजर. १७९७ मध्ये छापलेले हे सहा सोनाटिना. क्लेमेंटी स्वतः लंडनमध्ये पियानो बनवण्याच्या धंद्यातही होता, आपल्या मिरजेत सतार बनवणारा कारागीर स्वतः दोन गती वाजवून दाखवतो तसाच काहीसा. लोक याला नाक मुरडतात, "सगळेच वाजवतात" म्हणून. वाजवू देत. त्याच्या पहिल्या भागात काय आहे बघा, सुरुवात सी-ई-सी-जी-जी, म्हणजे सा-ग-सा-प-प, अगदी ताठ, शाळेच्या कवायतीसारखी. मध्ये तीच चाल सी मायनरमध्ये येते आणि एकदम ढग आल्यासारखं होतं. मग परत मूळ चाल येते, पण एक सप्तक खाली. बहुतेक मुलं ही तिन्ही सारखीच वाजवतात. ज्या पोराला तिथं फरक जाणवतो ते जिंकलंच समजा, म्हणजे बक्षीस मिळो न मिळो. माझा एक आठ वर्षांचा पोरगा त्या खालच्या सप्तकाशी आला की पाठ ताठ करायचा. का रे, विचारलं तर म्हणाला, "इथं बाबा आले." मी त्यावर काही शिकवलं नाही, कशाला बिघडवा.

ज्यांचा हात लहान आणि स्वभाव खोडकर त्यांना रशियन संगीतकार काबालेव्स्की. त्याची टोकाटिना, ओपस २७ मधली, ऐकायला भारी वाटते आणि हाताला फार ताण नाही, उजव्या हातात छोटे कॉर्ड (एकदम दाबलेले स्वर) टकटक चालतात आणि गाणं डाव्या हातात असतं, त्यामुळं डावा हात आळशी असलेल्या मुलांचं पितळ उघडं पडतं, ते तीन महिने आधी उघडं पडलेलं बरं. बुर्गम्युलरच्या ओपस १०० मधला बॅलेड पण याच जातीचा, भुताच्या गोष्टीसारखा, मुलं त्यावर जीव टाकतात.

बाखचं काहीतरी घ्याच, दोन पीस मागितले असतील तर. इन्व्हेन्शन (दोन्ही हातांना सारखंच काम देणारा छोटा पीस) झेपत असेल तर आठवा, एफ मेजर, त्यात उजवा हात पळतो आणि एका बारनं (तालाच्या एका घरानं) मागून डावा त्याला पकडायला निघतो, शिवाशिवी. बाखनं हे इन्व्हेन्शन आधी आपल्या मोठ्या मुलाच्या वहीत लिहिले होते, म्हणजे बापानं पोराला दिलेला गृहपाठच. नसेल झेपत तर तो प्रसिद्ध जी मेजर मिनुएट. फक्त एक करा, फॉर्मवर संगीतकार म्हणून बाख लिहू नका. तो बाखच्या बायकोच्या, अॅना माग्डालेनाच्या १७२५ च्या वहीत सापडतो म्हणून त्याच्या नावावर खपत राहिला, मूळचा ख्रिस्तियान पेत्झोल्ड नावाच्या माणसाचा. जजला हे माहिती असतं.

आणि बेथोव्हेनचा फ्यूर एलिझ? नको. वाईट आहे म्हणून नव्हे, उलट पहिल्या आठ बारांपलीकडचं कुणी वाजवतच नाही म्हणून. डोअरबेलपासून शाळेच्या गॅदरिंगपर्यंत तेवढाच तुकडा ऐकून ऐकून मुलांना वाटतं तेवढंच आहे, मग मधला एफ मेजरचा भाग येतो, त्यात उजव्या हाताची ती बारीक पळापळ, आणि सगळा गाडा रुतून बसतो. बेथोव्हेननं १८१० मध्ये लिहून ठेवला आणि हयातीत छापला नाही, छापला गेला १८६७ मध्ये, तो गेल्यावर ४० वर्षांनी. त्याला घाई नव्हती, तुम्ही पण करू नका.

वेळेची मर्यादा नियमात वाचा, मोबाईलवर लावून मोजा, रिपीट (तोच भाग पुन्हा वाजवणं) घ्यायचे की नाही ते ठरवून टाका. बास, यात जास्त काही नाही.

सगळ्यात शेवटी पोराला विचारा, आणि "आवडतो का" असं विचारू नका, ते तुमच्याकडं बघून "हो" म्हणतं. मी विचारते, "यात कुठं चुकणार वाटतंय?" ज्या पीसबद्दल पोर पटकन एक जागा दाखवतं तो दुरुस्त होतो. जिथं ते खांदे उडवतं आणि विषय बदलतं तो पीस सोडून देते, मग आई कितीही नाराज होवो.

आणि परीक्षा कशी घ्यायची विचाराल तर माझी पद्धत आहे, आया वैतागतात त्यावर. डिसेंबरातल्या कुठल्यातरी रविवारी, न सांगता, सकाळी साडेसहाला फोन करते. उठवा, तोंड न धुता बसवा, एकदाच वाजवायचं, थांबायचं नाही. परवा असाच एका घरी लावला. आजीनं फोन उचलला, "अवं मॅडम, थंडी किती हाय, झोपलंय की ते." उठवलं. आजीनंच फोन पियानोजवळ धरला असणार, कारण मला आधी तिच्या बांगड्या ऐकू आल्या आणि मग क्लेमेंटी. पहिल्या ओळीत एक जी निसटला. मायनरच्या भागात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, पाठोपाठ दुसरी, आजी ओरडली "अगं बंद कर ते", पोरगं चालतच राहिलं, खालचं सप्तक आलं तेव्हा जरा जास्तच जोरात वाजवलं, आणि संपल्यावर जांभई देत विचारलं, "झालं? झोपू का?"

झोप म्हटलं. त्याच दुपारी फॉर्म भरला.