चाराचे आठ : आंदोंगच्या सहलीत समजलेला पहिला कोरियन विनोद

सेऊलमधील विद्यापीठांच्या भाषावर्गांना ‘ओहाकदांग’ म्हणतात. तेथील एक स्तर साधारणपणे १० आठवड्यांचा आणि २०० तासांचा असतो. सोमवार ते शुक्रवार, रोज चार तास. मी तिसऱ्या स्तरात शिकत असताना यांपैकी एक दिवस फळ्यापासून सुटका करून घेऊन आम्हाला दक्षिण कोरियातीलच आंदोंग शहराला नेण्यात आले. वर्गात व्हिएतनाम, मंगोलिया, उझबेकिस्तान, ब्राझील आणि फ्रान्स येथील विद्यार्थी होते. मराठी बोलणारी मी एकटीच.

मराठी माणसाला कोरियन वाक्यरचना फारशी छळत नाही, हे मी आधीच कबूल करते. कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद हा क्रम आपलाच आहे आणि नामाला मागून चिकटणारे प्रत्ययही ओळखीचे वाटतात, त्यामुळे फ्रेंच वर्गमित्र वाक्य उलटे-सुलटे करत बसलेला असताना माझे वाक्य सहसा पुरे झालेले असे. अडचण येते ती आदरार्थी रूपांपाशी. आपण ‘तू आलास’चे ‘तुम्ही आलात’ केले की काम भागते. कोरियनमध्ये मात्र क्रियापदात ‘शी’ हा आदराचा प्रत्यय घालावा लागतो, काही क्रियापदे समूळ बदलतात आणि वयासाठी, नावासाठी, जेवणासाठीही थोरांपुढे वेगळे शब्द काढावे लागतात. सहलीला निघण्यापूर्वीचे तीन आठवडे आम्ही हेच घोकत होतो.

सकाळी साडेसहाला निघालेली बस दहाच्या सुमारास आंदोंगच्या हाहवे गावाजवळ पोहोचली. नाकदोंग नदी या गावाला जवळजवळ पूर्ण वळसा घालते आणि ‘हाहवे’ या नावाचा अर्थही ‘नदीचे वळण’ असाच आहे. पुंगसान र्यू घराण्याचे हे गाव यांगदोंग या दुसऱ्या गावासह २०१० पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. कौलारू वाडे खानदानी यांगबानांचे आणि गवताने शाकारलेली घरे त्यांची जमीन कसणाऱ्या कुळांची, अशी जुनी विभागणी छपरांवरून आजही वाचता येते. विशेष म्हणजे ही घरे नांदती आहेत. अंगणात मिरच्या वाळत घातलेल्या होत्या आणि एका दारापुढे टपालाचा स्कूटर उभा होता.

आंदोंगमध्ये कानावर पडलेला पहिलाच शब्द पुस्तकातला नव्हता. वर्गात ‘आन्न्यंगहाशिम्निक्का’ असे घोटून घेतलेले अभिवादन येथे ‘आन्न्यंगहाशिनिक्क्यॉ’ असे येते. पुणेरी मराठी शिकून आलेल्या परक्या माणसाला सावंतवाडीच्या स्टँडवर ‘खंय चल्लास?’ ऐकू यावे, तशी आमची गत झाली. शिक्षिकाबाईंनी प्रत्येकाला एक काम नेमून दिले होते : गावातील एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीला तीन प्रश्न विचारायचे. मी एका दुकानासमोर बसलेल्या आजींकडे गेले, दोन्ही हात जुळवून वाकले आणि घाबरल्यामुळे तो ‘शी’ प्रत्यय स्वतःलाच लावून बसले. म्हणजे मराठीत ‘मी भारतातून पधारले आहे’ असे काहीसे झाले. आजी इतक्या हसल्या की शेजारच्या दुकानातील बाई बाहेर आली. आजींनी मला बसायला जागा दिली आणि माझ्या तीन प्रश्नांऐवजी स्वतःच दहा प्रश्न विचारले; त्यांतील चार मला समजले.

दुपारच्या जेवणात आंदोंगचा प्रसिद्ध खारवलेला बांगडा होता. समुद्रापासून दूर असलेल्या या शहरात पूर्वी मासे पायी वाहून आणावे लागत, आणि ते टिकावेत म्हणून मीठ लावण्यातून ही चव रूढ झाली. कोकणातील खाऱ्या बांगड्यापेक्षा हा मऊ आणि कमी उग्र असतो, पण वासाने मी क्षणभर घरी गेले. सोबत ‘हॉत्जेसाबाप’ होते, म्हणजे शब्दशः ‘खोटे श्राद्धाचे जेवण’. पूर्वजांच्या विधीला करतात तशाच भाज्या आणि भात, तिखट लाल मिरचीऐवजी सोयाबीनच्या काळ्या सॉससह, श्राद्ध नसतानाच वाढायचे. येथील विद्वानांना हे जेवण आवडे म्हणून ते श्राद्धाचे निमित्त काढत, असे सांगतात. पितृपक्षातील वडे आणि खीर उगाच श्रावणात करायला सांगितली असती तर माझ्या आजीने काय म्हटले असते, याची मी कल्पना करत होते.

दोन वाजता मुखवटानाट्य सुरू झाले. हे नाट्य मुळात गावाच्या रक्षकदेवतेच्या विधीचा भाग होते. जुन्या स्वरूपात ते १९२८ मध्ये शेवटचे झाले, पुढे त्याचे पुनरुज्जीवन झाले आणि १९८० मध्ये त्याला राष्ट्रीय अमूर्त वारशाचा दर्जा मिळाला. यांगबानाच्या लाकडी मुखवट्याचा जबडा वेगळा असून दोरीने बांधलेला असतो. नटाने मान मागे टाकली की मुखवटा हसतो, खाली घातली की रागावतो. हे मी पुस्तकात वाचले होते, पण प्रत्यक्षात मुखवट्याचा चेहरा बदलतो यावर डोळ्यांचा विश्वास बसत नाही.

मग यांगबान आणि सॉनबी, म्हणजे खानदानी गृहस्थ आणि विद्वान, यांचे भांडण जुंपले. एक म्हणतो, मी ‘सादेबू’ घराण्यातला. सादेबू म्हणजे विद्वान अधिकाऱ्यांचा वर्ग. पण ‘सा’ हा उच्चार ‘चार’चाही आहे. दुसरा लगेच सांगतो, मग मी ‘पालदेबू’ घराण्यातला, कारण ‘पाल’ म्हणजे आठ आणि आठ चाराच्या दुप्पट. एकाने कन्फ्यूशियन परंपरेतील चार ग्रंथ आणि तीन सूत्रे वाचली असतील, तर दुसऱ्याने आठ ग्रंथ आणि सहा सूत्रे वाचलेली. ही सहा कोणती ते नोकर चोरेंगी सांगतो, आणि त्याच्या यादीत आंधळ्याचा चष्मा आणि गड्याची मजुरीही येते, कारण या शब्दांचा शेवटही सूत्रवाचक ‘ग्यंग’ असाच आहे. आपल्या बतावणीत सोंगाड्या शब्दाचे शेपूट धरून पाटलाला फिरवतो, ती हीच जात. तीन आठवडे ज्यांच्यापुढे कसे बोलावे हे मी घोकत होते, त्यांच्याच मोठेपणाची त्यांच्याच शब्दांनी उडवलेली टर मला उपशीर्षकाशिवाय कळली, आणि मी थोडे उशिराच, पण मोठ्याने हसले.

संध्याकाळी दोसान सॉवॉन घाईने पाहिले. कन्फ्यूशियन विद्वान ई ह्वांग (१५०१–१५७०) यांच्या स्मरणार्थ १५७४ मध्ये उभारलेले हे जुने विद्यालय. त्यांचा चेहरा हजार वॉनच्या नोटेवर असल्यामुळे प्रत्येक जण पाकिटातून नोट काढून छायाचित्र घेत होता.

परतीच्या बसमध्ये ब्राझीलच्या मित्राने विचारले की मी एवढी का हसले. आमची सामाईक भाषा कोरियनच, म्हणून मी बोटे मोजून चार आणि आठ समजावू लागले. मागच्या सीटवरून व्हिएतनामची मैत्रीण म्हणाली की हा शब्द तिच्या भाषेतही आहे, ‘सी दाई फू’, पण तिथे चारचा उच्चार वेगळा असल्यामुळे विनोद होतच नाही. मग मराठीत काय करता येईल, असे मित्राने विचारले. सेऊलचा टोलनाका येईपर्यंत माझ्या हाती फक्त चतुर्वेदी आणि अष्टवेदी लागले होते.