टाळ गळ्यात असताना पक्ष कुठे ठेवायचा

पालखी पुण्यात शिरली की संगमवाडीपासून लक्ष्मी रस्त्यापर्यंत सगळ्या पक्षांचे स्वागतमांडव लागतात. आमच्या दिंडीतही एकाच ओळीत चालणारे चौघे चार पक्षांना मत देतात. रात्री तंबूत जेवणं उरकली की त्यावरून कडाक्याची भांडणंही होतात. यात कुणाला विसंगती वाटत नाही. माळ घालताना एकादशी धरायची, मांस-मद्य सोडायचं, हे वचन घेतलं जातं. मताचं कुणी विचारत नाही.

पंचाईत होते ती नेता ओळीत शिरतो तेव्हा. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या ओळी, मधे पखवाज, त्यांच्यामागे वीणेकरी, अशी दिंडीची रचना. अंगरक्षक आणि उलटं चालणारे कॅमेरावाले पताका-टाळकऱ्यांच्या मधे घुसतात. पुढची माणसं थबकतात, मागची रेटतात, पखवाज ऐकू येईनासा होतो आणि एकच चरण दोन लयींत चालू राहतं. अशा वेळी नेत्याच्या हातात टाळ द्यावा, ओळीत घ्यावं आणि सोबतचा लवाजमा कडेला काढावा. माउली म्हणून आलेल्याला नाही म्हणायचं नसतं, मग तो कुठल्याही पक्षाचा असो.

चिन्ह छापलेले रेनकोट आणि टोप्या हे त्याहून अवघड. दिवे घाटात पाऊस गाठतो आणि फुकटचा रेनकोट नाकारणं म्हाताऱ्या माणसाला परवडत नाही. म्हणून निघतानाच प्रत्येकाने आपला प्लॅस्टिकचा कागद घ्यावा, दोन-चार जास्तीचे दिंडीच्या ट्रकमध्ये असावेत. घ्यावाच लागला तर चिन्ह आत करून घालावा.

पैशाचं मात्र कडक हवं. ट्रक, टँकर, गॅस, आचारी हे सगळं भिशीतून, म्हणजे वारकऱ्यांनी भरलेल्या वर्गणीतून, भागत नाही, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी टँकर देऊ करतं. पुढच्या वर्षी त्या टँकरवर फोटो येतो, त्याच्या पुढच्या वर्षी दिंडीच्या फलकावर. 2024 साली राज्य सरकारने दिंडीमागे 20,000 रुपये जाहीर केले. ते सरकारी पैसे, पक्षाचे नव्हेत. तरी घेतले तर हिशेब सगळ्यांसमोर वाचला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

वारीने राजकारणापासून लांब राहावं, असं मात्र मी म्हणणार नाही. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले ते विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून. समतेची ती मागणी आमच्या श्रद्धेतलीच आहे. आषाढीची शासकीय महापूजा मुख्यमंत्री करतात. 2018 मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे मुख्यमंत्री त्या पूजेला गेले नाहीत. श्रद्धेचा हक्क सत्तेकडे मागता येतो, पण त्यासाठी दिंडी कुणाच्या दावणीला बांधायची गरज नाही.

मधे एखादी प्रचाराची गाडी घुसवली, क्रम मोडला, तर रस्त्यात हमरीतुमरी करू नये. माउलींच्या सोहळ्यात मुक्कामी समाजआरतीला, म्हणजे सगळ्या दिंड्यांच्या एकत्र आरतीला, सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार दंड उंचावतात आणि सगळे टाळ थांबतात. तक्रार असलेल्या दिंडीने तेव्हा टाळ वाजवतच राहायचं. चोपदार येऊन विचारतात, निवाडा तिथेच होतो.