नोंद तिसरी: दोन मिलिमीटरपायी रॅम बदलली

मंडळी, मागच्या नोंदीच्या शेवटी "यादी पक्की, आता फक्त जोडणी" असं मी ठासून लिहिलं होतं. ते शब्द गिळते. यादीतली एक वस्तू बदलली, आणि तीही जिच्यावर मी सगळ्यात कमी विचार केला होता ती.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: घरच्या कामाचा डेस्कटॉप बांधते आहे. फोटोंवर काम, थोडं कोडिंग, अधूनमधून एखादा गेम. मुख्य अट एकच, रात्री शेजारी कुणी झोपलं असेल तर डब्याचा आवाज त्याच्या कानावर जाता कामा नये. म्हणून रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर. सहा कोअर, १२ थ्रेड, टीडीपी (किती उष्णता बाहेर काढावी लागेल त्याचा अंदाज) ६५ वॅट. पूर्ण ताण आला तरी प्रोसेसरचा वापर साधारण ८८ वॅटच्या वर जात नाही. 'एक्स' वाला भाऊ, म्हणजे ७६००एक्स, १०५ वॅटचा आहे. माझ्या कामात त्याचा जो थोडा फरक पडेल, त्यासाठी पंख्याची घरघर ऐकायची माझी तयारी नाही. शिवाय ७६०० मध्ये छोटा ग्राफिक्स भाग आतच आहे, त्यामुळे ग्राफिक्स कार्ड नंतर घेतलं तरी चालतं. नावाच्या शेवटी 'एफ' असलेला प्रोसेसर घेतला असता तर कार्ड येईपर्यंत पडद्यावर काहीच दिसलं नसतं.

मदरबोर्ड बी६५० चिपसेटचा, मायक्रो एटीएक्स आकाराचा, म्हणजे २४४ बाय २४४ मिमी. एएम५ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) निवडण्यामागे साधा हिशेब होता. २०२२ मध्ये तो ७००० मालिकेबरोबर आला, २०२४ चे ९००० मालिकेचे प्रोसेसरही त्याच सॉकेटमध्ये बसतात. चार-पाच वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलून भागलं तर उत्तमच.

आता मूळ रामायण.

कॅबिनेटच्या माहितीपत्रकात लिहिलंय: कूलरची कमाल उंची १५९ मिमी. माझा टॉवर कूलर (प्रोसेसर थंड ठेवणारा, पंखा लावलेला उंच ठोकळा) १५५ मिमी. बसतो. कूलरच्या माहितीपत्रकात लिहिलंय: पंख्याखाली रॅमसाठी ३८ मिमी जागा, त्याहून उंच पट्टी असेल तर पंखा वर सरकवा. ठीक, सरकवू. आणि मी निवडलेली दिव्यांची रॅम ४४ मिमी उंच. कॅबिनेट आणि कूलरचं जमतंय, कूलर आणि रॅमचंही जमतंय, मग अडचण कसली?

अडचण तिघांना एकत्र बसवल्यावर आली. पंखा ६ मिमी वर सरकवला की १५५ चे १६१ होतात, आणि कॅबिनेटची काच १५९ वर थांबते. दोन मिलिमीटर! सुसंगतता तपासताना मी नेहमी दोन-दोन वस्तूंच्या जोड्या जुळवत आले. पत्रिका जुळली की लग्न लावून मोकळं. तिसरा घरात आल्यावर काय होतं ते बघितलंच नव्हतं.

हे रॅम मागवायच्या आदल्या रात्री कळलं, तेही कागदावर नाही. मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवला होता, कूलर नुसता टेकवून बघत होते. हाताशी रॅम नव्हती म्हणून जाड पुठ्ठ्याची ४४ मिमीची पट्टी कापली आणि प्रोसेसरपासून मोजून रॅमच्या दुसऱ्या खाचेत उभी केली. पंख्याची तारेची क्लिप लावायला गेले तर खालचा काठ पुठ्ठ्यावर टेकला आणि क्लिप काही केल्या खाचेत जाईना. पंखा वर घेतला, क्लिप खट्कन बसली. पोलादी पट्टी उभी धरून मोजलं. पुन्हा मोजलं. मग कॅबिनेटचं माहितीपत्रक पुन्हा काढून १५९ चा आकडा बदललाय का ते पाहिलं. बदललेला नव्हता.

(जाता जाता: एएम५ मध्ये बोर्डाच्या मागची पाटी सॉकेटलाच धरून असते, कूलरचे ब्रॅकेट काढले तरी निखळत नाही. एएम४ वर, म्हणजे आधीच्या सॉकेटवर, पहिल्यांदा कूलर बदलताना ती पाटी धप्पकन खाली पडली होती आणि बोर्डच मोडला असं वाटून माझं पाणी झालं होतं.)

दोन वाटा होत्या, कूलर बदलायचा किंवा रॅम. कूलर घरात आला होता आणि आवाजाच्या बाबतीत तोच कामाचा. म्हणून दिव्यांची हौस सोडली. साधी डीडीआर५ (या बोर्डाला लागणाऱ्या पिढीची रॅम) पट्टी सुमारे ३१ मिमी उंच असते, पातळ पत्रा चढवलेली ३३-३४ पर्यंत जाते. तशी घेतली, १६ च्या दोन, एकूण ३२ जीबी. पंखा मूळ जागी, वर ४ मिमी मोकळे.

रॅम नव्याने निवडायचीच होती, तर मी थोडा आकड्यांचा खेळ केला. खोक्यावरचा वेगाचा आकडा एकटाच बघू नका, त्याच्याशेजारचा सीएलही (रॅम उत्तर द्यायला किती थांबते त्याचा आकडा) बघा. सीएलला २००० ने गुणायचं आणि वेगाने भागायचं, नॅनोसेकंदांत उत्तर मिळतं. ६००० सीएल३० म्हणजे १०. ५६०० सीएल४६ म्हणजे १६ च्या वर. डीडीआर४ ची जुनी ३२०० सीएल१६ सुद्धा १० च. म्हणजे 'नवी पिढी' एवढं बघून घेतलेली पट्टी या एका मोजमापात जुन्यापेक्षा मागे पडू शकते. मी ६००० सीएल३० घेतली.

"आत्ता दोन पट्ट्या, पुढे आणखी दोन" हा बेतही याच वेळी सोडला. ७००० मालिकेत दोन पट्ट्यांना अधिकृत वेग ५२०० आहे, चारही खाचा भरल्या की तो ३६०० वर येतो. काहींच्या चार पट्ट्या जास्त वेगाने चालतात, पण मला त्या खटपटीत शिरायचं नाही.

एसएमपीएसबद्दल (सगळ्याला वीज पुरवणारा डबा) फार लिहिण्यासारखं नाही. ६५० वॅट, कार्यक्षमतेचा दर्जा गोल्ड. आज एवढ्याची गरज नाही, पण दोनशे वॅटपर्यंतचं कार्ड पुढे आलं तरी तो आरामात राहील. गोल्डने वीज बिल फार उतरेल असं मानू नका: २०० वॅटचा भार असेल तर ९० टक्के कार्यक्षमतेने भिंतीतून २२२ वॅट ओढले जातात, ८५ ने २३५. फरक १३ वॅटचा. एक मात्र कळकळीने सांगते, मॉड्युलर (केबली सुट्या निघणाऱ्या) एसएमपीएसच्या केबली दुसऱ्या एसएमपीएसला लावू नका. खोबणी सारखी दिसते, आतल्या पिनांची मांडणी सारखी असेलच असं नाही. मागच्या डब्याच्या वेळी आळस करून जुनीच साटा केबल (डिस्कला वीज देणारी) नव्या एसएमपीएसला जोडली आणि एक हार्ड डिस्क कायमची गेली. वास अजून आठवतो.

साठवणीसाठी एसएसडी, एनव्हीएमई प्रकारची, १ टीबी, चौथ्या पिढीची. बस्स.

काल रॅम आली. सगळं कॅबिनेटबाहेरच, खोक्यावर जोडून चालू केलं. पंखा फिरला. पडदा काळा. बोर्डाच्या कडेला 'डीरॅम' लिहिलेला पिवळा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. डीडीआर५ पहिल्यांदा चालू होताना बोर्ड रॅमशी सूर जुळवत बसतो आणि त्यात मिनिटं जातात, हे मला पाठ आहे. मीच इतरांना सांगत असते. तरी दुसऱ्या मिनिटाला माझा हात बटणाकडे गेलाच. हात मागे घेऊन मांडीखाली ठेवला. चौथं मिनिट संपता संपता दिवा विझला आणि बायोस, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगचा पडदा, उघडला.

रॅमचा वेग तिथे ४८०० दिसत होता. घाबरू नका, एक्स्पो (रॅमला खोक्यावरच्या वेगाने चालवणारं सेटिंग) चालू करेपर्यंत तो तेवढाच दिसतो. चालू केलं, पुन्हा काळा पडदा, पुन्हा पिवळा दिवा, या वेळी थोडा कमी वेळ. मग ६०००. रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावून ठेवली. सकाळी चारही फेऱ्या पूर्ण, एकही चूक नाही.

आज सगळं कॅबिनेटमध्ये गेलं. इनपुट-आउटपुटची पत्र्याची पट्टी या बोर्डाला आधीच जोडलेली होती, नाहीतर दर वेळी ती मी विसरते आणि सगळं सोडून पुन्हा सुरुवात करते. काच लावण्याआधी पंख्याच्या वर पुठ्ठ्याचा तोच तुकडा आडवा धरून बघितला, जाडीला साधारण ३ मिमी आहे. काच लागली, तुकडा आतच अडकून राहिला. आता तो काढायला काच पुन्हा उघडायची आहे.

ग्राफिक्स कार्डाचं पुढच्या नोंदीत. त्याची लांबी, जाडी आणि खालच्या पंख्यांची जागा या वेळी तिन्ही एकदमच मोजणार आहे, पुठ्ठा अजून शिल्लक आहे.